चित्र सतरा आणि चित्र अठरा

ज्ञान अमर आहे. ते जळत नाही, भिजत नाही, चोरीला जात नाही, फक्त एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जातं. सात विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून केलेल्या सामायिक ऑनलाइन सूचीचं उद्घाटन करताना प्रमुख पाहुणे हे वाक्य बोलले, तेव्हा माइक बंद होता. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या म्हणून दुसरीने वाजवल्या आणि दुसरीने वाजवल्या म्हणून उरलेल्यांनी. मग पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' अशी अक्षरं उमटली. त्यांनाही टाळ्या मिळाल्या.

त्या दिवशी पडद्यामागे वायर धरून उभी असलेली सूचीकार बाई सहा वर्षांनंतरही तीच सूची सांभाळत होती. कुठलं पुस्तक, किती प्रती, कुठे आहेत, आत आहेत की वाचकाकडे, एवढंच तिचं जग. सात ग्रंथालयं म्हणजे सात सुनांचं घर: दारावर पाटी एक, आत प्रत्येकीचा साखरेचा डबा वेगळा आणि झाकण घट्ट. बाईने या सातजणींना एका चुलीवर आणलं होतं असं तिचे साहेब भाषणात म्हणत. एरवी ते तिला 'जरा ते बघा' एवढंच म्हणत.

तिच्या नावावर एक नियमही होता. सगळीकडे जागा संपत आलेली. तेव्हा तिने लिहून दिलं की पुस्तक सूचीत आणखी तीन ठिकाणी दिसत असेल तर आपली प्रत रद्दीत काढायला हरकत नाही. मात्र जी शेवटची प्रत उरेल तिला कोणी हात लावायचा नाही, कॉम्प्युटरच तिला कुलूप घालील. समितीला नियम इतका आवडला की तो न वाचताच मंजूर झाला.

यंदा बाईच्या दादाला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. 'आवडीचं खायला द्या' असंही सांगितलं, आणि डॉक्टर असं म्हणाले की समजायचं ते माणसं समजतात. दादा चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. बाई सत्तावन्नची झाली तरी तो तिला चिमे म्हणायचा. शनिवारी ती भेटायला गेली तेव्हा त्याने वहिनीला औषध आणायच्या निमित्ताने बाहेर काढलं. वहिनी जाताना म्हणाली, "औषधं तीन दिवसांची आहेत घरात. पण बहीणभावाला गुपित बोलायचंय, तर येते मी तासाभराने." चाळीस वर्षांच्या संसारात माणूस पारदर्शक होतो तो असा.

दादाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं होतं, रानातल्या अळंब्यांवर. कुठल्या खाव्यात, कुठल्या टाळाव्यात, सोबत चोवीस चित्रं. एकतीस वर्षांपूर्वी ते छापून आलं आणि आठवड्याच्या आत त्याच्या लक्षात आलं की त्रेचाळिसाव्या पानावर चित्र सतरा आणि चित्र अठरा यांच्या खालच्या ओळी छापखान्यात अदलाबदल झाल्या आहेत. सतराव्या चित्रातली जी अळंबी माणसाला चार दिवसांत संपवते तिच्याखाली 'खाण्यास उत्तम' आणि बिचाऱ्या गरीब अळंबीखाली 'अत्यंत विषारी'.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?" बाईने विचारलं.

तेव्हा त्याची बढती तोंडावर आली होती. चुकीचं पुस्तक लिहिणाऱ्याला कोण बढती देतो? प्रकाशक म्हणाला, शुद्धिपत्र चिकटवू. मग तो शुद्धिपत्र विसरला आणि दादाही विसरायला शिकला. तीनशे प्रती निघाल्या होत्या. त्यातल्या दोनशे नव्वद प्रकाशकाच्या गोदामात वाळवीने खाल्ल्या. वाळवीला काही झालं नाही, पण तिने चित्रं बघून खाल्लं नव्हतं. घरातल्या तीन प्रती त्याने स्वतः दुरुस्त केल्या. उरल्या सात, आणि त्या सातही बाईच्या सूचीत होत्या.

"मला त्या आणून दे," दादा म्हणाला. "पेनने दुरुस्त करतो. खाली सही, तारीख. सात प्रती, सात सह्या. मग मी मोकळा."

बाई म्हणाली, सूचीतल्या नोंदीत आजच टीप घालते, जगाला कळेल. दादाने मान हलवली. सूची कोण वाचतं? लोक पुस्तकं वाचतात. म्हणजे तेही वाचत नाहीत, पण चुकून वाचलंच तर पुस्तकच वाचतील.

टीप तिने घातलीच, आणि सोमवारी सातही ठिकाणी मागणी पाठवली. सूचीत सातही प्रती दिमाखात उभ्या होत्या. सहा ठिकाणी 'उपलब्ध', सातव्या ठिकाणी 'वाचकाकडे'.

मंगळवारी पहिलं उत्तर आलं: प्रत गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीत काढली, कारण सूचीत आणखी सहा दिसत होत्या. दुपारी दुसरं, शब्द तेच. बुधवारी तीन उत्तरं आली, गुरुवारी सहावं. सहाही ग्रंथालयांनी एकाच सुट्टीत, एकाच आठवड्यात, एकमेकांच्या भरवशावर आपापली प्रत काढून टाकली होती. काढल्याच्या नोंदी मात्र कोणीच भरल्या नव्हत्या, कारण वार्षिक अहवालात एकूण पुस्तकांचा आकडा खाली आला असता. अहवाल जाईपर्यंत थांबा, असं सगळ्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं. अहवाल जाऊन चार महिने झाले होते. मग सगळे नुसतेच थांबले होते.

दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचं असं झालं असतं तर बाईने कपाळावर हात मारून घेतला असता. अजून कितीतरी पुस्तकं अशीच नाहीशी होऊन सूचीत जिवंत असतील हा विचार तिच्या मनात आलाही, पण तो तिने पुढल्या आठवड्यावर ढकलला. कारण रोज संध्याकाळी ती दादाला फोन करायची आणि आज किती प्रती रद्दीत गेल्या ते सांगायची, आणि दादा खुलायचा. आपलं पुस्तक नष्ट झाल्याच्या बातमीने टवटवीत होणारा लेखक विरळाच. गुरुवारी सहावी गेली म्हटल्यावर त्याने अर्धी वाटी खीर मागितली. वहिनी फोनवर म्हणाली, "वन्सं, आमच्या लग्नातही एवढे हसले नव्हते हे. काय करताय तुम्ही दोघं?"

सातव्या ग्रंथालयाचं उत्तर मात्र येत नव्हतं. तिथल्या ग्रंथपालाला सगळी समिती कुलूप म्हणायची. तो कुठलंही पुस्तक कधी काढत नाही, असा त्याचा लौकिक. खरं कारण एवढंच होतं की तो ईमेल उघडत नसे, आणि त्यामुळे नियम त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. बाईने सहा प्रतींच्या नोंदी काढल्या तशी सातवीच्या पुढे लाल कुलपाचं चिन्ह आपोआप उमटलं: शेवटची प्रत, संरक्षित. बाई त्या चिन्हाकडे बघत राहिली. ते बनवून घेताना रंग कुठला हवा यावर समितीची दीड तास चर्चा झाली होती.

शुक्रवारी रजा टाकून ती बसने निघाली. तीन तासांचा रस्ता. ग्रंथालयाच्या फाटकाला खरंच कुलूप होतं आणि बाजूचं छोटं दार उघडं होतं. आत लांबलचक काउंटर, त्यावर शिक्क्यांची उतरंड, मागे परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. ढीग काउंटरपेक्षा उंच. कुलूप त्याच्या सावलीत डबा खात बसला होता. बाईला बघून त्याने झाकण लावलं, चोर आला की माणूस तिजोरी लावतो तसं.

पुस्तकाचं नाव ऐकून तो म्हणाला की ते वाचकाकडे आहे. बाई म्हणाली, मुदत संपून वर्ष होत आलं. तो म्हणाला, आठवणपत्रं गेली आहेत. बाईला ते माहीत होतं. आठवणपत्राचा मजकूर तिनेच लिहिलेला होता. 'आपण स्वतः येऊन पुस्तक परत न केल्यास आपलं सभासदत्व संपुष्टात येईल.'

वाचक कोण, कुठे राहतो, हे सांगायला कुलूप तयार नव्हता. गोपनीयता आहे, म्हणाला. तोही बाईचाच नियम. शेवटी तिने काउंटरच्या आत जाऊन ढीग उपसायला घेतला. बायकामाणसांनी धूळ खाऊ नये म्हणून की काय, तोही उठला आणि बाजूला उभा राहून कुठे काय नसेल ते सांगू लागला. तासाभराने तळातून दादाचं पुस्तक निघालं. परत आलेलं होतं, फक्त कोणी नोंद केली नव्हती. वेष्टणावर रबराने एक चिठ्ठी अडकवलेली होती, बाईमाणसाचं अक्षर: 'पुन्हा पत्र पाठवू नये ही विनंती.'

"हां, त्यांचं होय हे," कुलूप म्हणाला. "मिसेस येऊन देऊन गेल्या." आणि त्याने वाचकाचं कार्ड काढून पुढे सरकवलं, मेलेल्या माणसाची गोपनीयता नसते असा त्याचा समज असावा. पुस्तक नेल्याची तारीख नऊ. त्याच महिन्याच्या वीस तारखेचा शिक्का: सभासद मयत. आठवणपत्रं तीन, सगळी त्यानंतरची.

"कशाने गेले?"

"आपल्या नोंदीत कारणाचा रकाना नाही ना बाई. वय झालेलं असेल. माणसं जातात."

बाईने त्रेचाळिसावं पान उघडलं. ते आपणहून उघडलं, कारण त्यात काहीतरी होतं: चपटा झालेला, करड्या रंगाचा, कागदासारखा वाळलेला तुकडा. कुलूप म्हणाला, लोक खूण म्हणून काय वाटेल ते घालतात, मागे एकाने मोजा घातला होता. चित्र सतराच्या समासात पेन्सिलीने बरोबरची खूण होती आणि तिच्यापुढे बारीक, नेटकं अक्षर: 'ओढ्यापलीकडे. भरपूर.'

खुर्ची जवळ होती म्हणून बाई बसली, नाहीतर जमीन होतीच.

मग तिने विचारलं, हे पुस्तक रद्दीत काढता येईल का. कुलपाने कॉम्प्युटरवर बघितलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. नाही येणार, लाल कुलूप आहे. घरी नेता येईल का? शेवटची प्रत बाहेर जात नाही. निदान दुरुस्ती करता येईल का, लेखकाच्या बहिणीच्या हाताने? पुस्तकात लिहायला मनाई आहे. भिंतीवर पाटी लावलेली आहे. सगळं बरोबर होतं. सगळं तिचंच होतं. माणूस मारणारं एक पुस्तक सात विद्यापीठांनी मिळून अमर केलं होतं.

कुलूप हात धुवायला गेला. बाईने पर्समधून पट्टी काढली. एकतीस वर्षं तिने पानांचे कान दुमडणाऱ्यांना दंड केला होता, एकदा एका प्राध्यापकाला रडवलं होतं. तिने पट्टी शिवणीलगत धरली आणि त्रेचाळिसावं पान एका ओढीत फाडलं. सुबक फाटलं. घडी घालून, वाळलेल्या तुकड्यासकट, तिने ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. कुलूप रुमालाला हात पुसत आला तेव्हा पुस्तक बंद होतं, आणि त्याने लगेच 'उपलब्ध' अशी नोंद केली. कामाला लागला की माणूस चटपटीत होता.

परतीच्या बसमध्ये तिने दादाला काय सांगायचं ते तीन वेळा पाठ केलं. तीन वेळा ते वेगळं झालं.

दादाकडे पोहोचली तेव्हा ऊन कलत होतं. वहिनीने दार उघडलं, तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता पाणी आणून दिलं. दादाचा रंग गुरुवारच्या खिरीनंतर उतरलेला होता. त्याने डोळ्यांनीच विचारलं: सातवी?

"मिळाली," बाई म्हणाली. "पण दादा, तुझं काम दुसऱ्यानेच करून ठेवलंय. एका वाचकाच्या लक्षात आलं होतं. त्याने पेन्सिलीने खाडाखोड करून दोन्ही ओळी बरोबर केल्या आहेत. नेटकं अक्षर आहे. मी डोळ्यांनी बघितलं."

पर्स तिच्या मांडीवर होती. तिने दोन्ही हातांनी ती दाबून धरली.

"आणि त्याला काही झालं नाही?"

"झालं असतं तर दुरुस्त कसं केलं असतं?"

दादाच्या छातीतून जो श्वास सुटला तो एकतीस वर्षं आत अडकलेला होता. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर गेलं. वहिनीने ते पदराने टिपलं. कशाचं पाणी ते तिला माहीत नव्हतं, की होतं, तिलाच ठाऊक. बाईला वाटलं, सुटले. तिने उठायला म्हणून पर्स खांद्याला लावली.

"चिमे," दादा म्हणाला, "जाऊ नकोस. त्या माणसाला दोन ओळी आभाराच्या लिहायला हव्यात. माझा हात थरथरतो, तू लिही, मी सही करतो. त्याचा पत्ता तेवढा मागवून घे." आणि डोळे मिटता मिटता पुढे म्हणाला, "पिनकोडसकट."