चाळीसपर्यंत मोजायचं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. तेवीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली निम्मी तरी हातात पट्टी धरून. दोन हजार चार साली आमच्या शाळेत तीन कॉम्प्युटर आले, तेव्हाही ती हातातच होती.

आमची शाळा डोंगरकडा गावापासून तीन कोसांवर, सातवीपर्यंतची, पत्र्याच्या चार खोल्यांची. त्यातली बरी खोली कॉम्प्युटरला दिली, खिडक्यांना निळे पडदे लावले, नारळ फोडला. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही. मुख्याध्यापक शेषराव सर तर त्या खोलीत शिरताना टोपी सारखी करायचे. मी मनात म्हटलं, करा बाबा आरत्या, शिकवायचं तर मलाच हाय.

कंपनीचा रविंद्र नांदेडहून मोटरसायकलवर यायचा. त्यानं कॉम्प्युटरमध्ये गणिताचा एक प्रोग्राम टाकून दिला. पोरानं आपलं नाव टाकायचं, पडद्यावर गणित यायचं, उत्तर टाईप केलं की चूक का बरोबर ते लगेच दिसायचं. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचा कागद छापून यायचा, कोण 'अ' श्रेणीत, कोण 'ब', कोण 'क'. शिक्षकानं मार्क द्यायचेच नाहीत. "मॅडम, मशीन कुणाचं तोंड बघून मार्क देत नाही," रविंद्र म्हणाला. मला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगू? मी बौद्धवाड्यातून शिकून आलेली बाई. तोंड बघून दिलेले मार्क मी लहानपणी पुष्कळ घेतलेत.

त्या वर्षी सातवीत सुकन्या होती. दगडोबा आणि पंचफुलाबाईची थोरली, मेंढरांमागं वाढलेली. तिला मी गणित शिकवलं असं म्हणणार नाही, ते तिला येतच होतं. मी फळ्याकडं तोंड करून विचारायचे, "अठ्ठेचाळीस मेंढ्या, एकीला सव्वादोन लिटर पाणी, तर सगळ्यांना किती?" माझा खडू फळ्याला टेकायच्या आत मागून आवाज यायचा, "एकशे आठ." कसं केलंस म्हणून विचारलं तर खांदे उडवायची. "दिसतं बाई." एवढंच. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटायचा.

नांदेडला एका संस्थेची मुलींची निवासी शाळा होती. आठवीपासून पुढं राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट. जिल्ह्यातून दहा मुली घ्यायचे, आणि त्याची परीक्षा फेब्रुवारीत हिंगोलीला व्हायची. दगडोबानं मला साफ सांगून टाकलं होतं. "बाई, नांदेडला लागली तर धाडतो, माझं काय बी म्हणणं न्हाई. न्हाई लागली तर सातवी पुरे. मेंढरांमागं माणूस कमी पडून राहिलं." म्हणजे पोरीला पुढं शिकायला तेवढी एकच वाट होती.

शेषराव सरांनी ठरवलं, परीक्षेला शाळेतून एकच मुलगी जाईल आणि ती 'अ' श्रेणीतली पाहिजे. म्हटलं, ठरवा खुशाल, सुकन्या आहे की आपली. ऑगस्टचा कागद आला. सुकन्या 'क'.

मी तो कागद रविंद्रच्या नाकासमोर धरला. त्यानं चार बटणं दाबून तिची सगळी उत्तरं पडद्यावर काढली. एकूण एक बरोबर. आणि प्रत्येकापुढं लाल अक्षरात लिहिलेलं, अंदाज.

"मॅडम, ही पोरगी चार सेकंदांत उत्तर देते. चाळीस सेकंदांच्या आत आलेलं उत्तर प्रोग्राम अंदाजानं दाबलेलं धरतो. त्याला मार्क नाहीत."

"अरे पण उत्तर बराबर हाय ना?"

"बरोबर आहे. पण तिनं विचार केला, हे मशीनला कसं कळणार?"

"मला कळतं की ते."

"तुम्हाला कळून काय उपयोग? ते आकडे वरून ठरून येतात. मला पण बदलता येत नाहीत."

एरवी मी कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडणारी बाई. त्या दिवशी नेमकी भांडले नाही. मशीन बदलत नाही म्हणतात, तर पोरगी बदलू, एवढंच डोक्यात आलं. सुकन्याला बोलावलं आणि म्हटलं, "उत्तर आलं तरी दाबायचं न्हाई. मनात चाळीसपर्यंत मोजायचं, मग दाबायचं."

"काहून बाई?"

"काहून न् बिहून. सांगितलं तेवढं कर."

पहिला आठवडा तिला जमेना. गणित वाचून होतं न होतं तोच बोट बटणावर. मी मागं उभी असायचे, बोटावर पट्टी द्यायचे. जोरात नाही, पण द्यायचे. लाईट दिवसातून दहा-दहा तास जायची, तेव्हाही मी तिला सोडलं नाही. काळ्या पडद्यासमोर बसवायचं, मी तोंडी गणित घालायचं, तिनं चाळीस मोजून मग बटण दाबायचं. हळूहळू पोरगी शिस्तीत आली. ऑक्टोबरला 'ब' आणि डिसेंबरला 'अ'. शेषराव सरांनी पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

त्याच सुमारास एकदा लाईट गेलेली असताना तिनं हळूच विचारलं, "बाई, ते मला अंदाज म्हणत होतं, ते खरं असंल का? उत्तर कुठून येतं, मलाबी ठावं न्हाई."

"गप. मोज," मी म्हणाले. त्या पोरीशी तेव्हा दोन शब्द प्रेमानं बोलले असते तर माझं काय जात होतं?

पुढच्याच आठवड्यात वर्गात मी फळ्याकडं तोंड करून गणित विचारलं आणि मागून काही आलंच नाही. वळून बघितलं. सुकन्या ताठ बसलेली, नजर समोर, ओठ हलत होते. सगळी पोरं तिच्याकडं बघत होती. "अगं, इथं कुठं मशीन हाय?" मी म्हटलं. ती दचकली. "सवय लागली बाई." पोरं हसली, मीही हसले. हे नीट नाही, हे मात्र मला त्याच घडीला कळलं होतं.

पण जानेवारीत रविंद्र तिचा आलेख घेऊन आला. 'क'वरून 'अ'वर चढलेली रेघ बघून त्याचे साहेब खूश झाले म्हणे. कळमनुरीला शिक्षकांचं शिबिर होतं, तिथं मला बोलायला उभं केलं. बत्तीस शिक्षक बसले होते. हुशार पोरं 'क'मध्ये जातात, ही सगळ्यांचीच तक्रार होती. मी ऐटीत सांगितलं, चाळीसपर्यंत मोजायला लावा. बत्तिसांनी ते वहीत लिहून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी एसटीत तिला शेजारी बसवून बजावलं. अर्धा तास आहे, साठ गणितं आहेत. आज मोजायचं न्हाई. दिसलं की लिही आणि पुढं जा. "व्हय बाई," ती म्हणाली. दारात पुन्हा सांगितलं, पुन्हा व्हय. बाहेर आली तेव्हा तोंड शांत होतं. "सगळी सोपी होती बाई." सोबत आलेल्या दगडोबानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो.

मार्चमध्ये निकालाचं पत्र आलं. साठपैकी सोडवलेली गणितं, छत्तीस. बरोबर, छत्तीस. निवडलेल्या दहांतल्या शेवटच्या मुलीला एकोणपन्नास होते.

ते पत्र घेऊन मी तडक त्यांच्या वस्तीवर गेले. दगडोबा वाघर दुरुस्त करत होता, मेंढरं कोंडायची ती जाळी. त्याला काय सांगायचं ते मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ठीक हाय बाई. तुमी लई कष्ट घेतले." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुकन्या मेंढरांजवळ उभी होती. माझा राग तिच्यावरच निघाला.

"तुला दोनदा सांगितलं होतं ना, मोजू नको म्हणून?"

"मी मोजणार नव्हते बाई." ती खाली बघत होती. "पण उत्तर आलं की भ्या वाटायचं. आपलं न्हाई ते, आसंच कुठून तरी आलं, आसं वाटायचं. मोजलं की मग खरं वाटतं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. कळमनुरीतल्या त्या बत्तीस वह्या डोळ्यांपुढं आल्या. कुणाच्या वर्गात आज कोण मोजत बसलं असेल, ते मला माहीत नव्हतं, आणि जाऊन थांबवावं तर त्यांची नावंही मी विचारलेली नव्हती.

मी तिच्याजवळ गेले. पाठीवर हात ठेवला आणि दुसरीतल्या लेकराला विचारतात तसं विचारलं, "बारा साते किती गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ हलायला लागले. मी थांबले. दगडोबाही हातातली जाळी तशीच धरून बघत राहिला. मेंढरं आमच्या पायांमधून निघून गेली तरी ओठ हलतच होते.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. आणि मग, सात वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"बराबर हाय का, बाई?"