वीसपर्यंत मोजायचं, मग झाकण

मी एक जुना ड्रायर आहे. धुतलेल्या कपड्यांतलं पाणी पिळून काढणं हे माझं काम. पोटात भोकाभोकांचा ड्रम, त्याखाली मोटर आणि तळाशी ब्रेक. झाकण उघडलं की तो ब्रेक ड्रमला करकचून धरायचा. मित्रांनो, कारखान्यातून निघालो तेव्हा मला थांबताही येत होतं, एवढं लक्षात असू द्या.

एका छोट्या लाँड्रीत मी अकरा वर्षं राबलो. मालक, मालकीणबाई आणि मी, एवढाच कारभार. लॉजच्या चादरी सकाळी यायच्या आणि संध्याकाळी घडी होऊन परत जायच्या. मालक मला आपला तिसरा हात म्हणायचे.

मग ब्रेकचा पट्टा झिजला. बटण बंद केलं, मोटरीचा आवाज थांबला, झाकण उघडलं, तरी ड्रम आपला मुकाट्याने फिरतच राहायचा. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि मशीन एक दिवस बंद ठेवा म्हणाले. मालकांनी डोकं खाजवलं. एक दिवस चादरी चुकल्या तर लॉजवाला दुसरी लाँड्री बघणार.

"चालतंय ना? मग चालू दे," ते म्हणाले.

ब्रेक पुढच्या महिन्यावर गेला आणि तो पुढचा महिना काही उजाडला नाही. मालकीणबाईंनी तोडगा काढला. बटण बंद केल्यावर वीसपर्यंत मोजायचं, मगच झाकण. आधी त्या मोठ्याने मोजायच्या, मग मनात. पुढे तर मोजायचंही राहिलं. तेवढ्या वेळात चिमटे गोळा करायचे, केस सारखे करायचे. माझं दुखणं घराच्या अंगवळणी पडलं.

एकदा त्या तापाने आडव्या झाल्या आणि त्यांची धाकटी बहीण मदतीला आली. ती शिवणकाम करायची. तिने केलेल्या काजांची सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली, ओळखू यायची नाही. मालकीणबाईंनी पडल्या पडल्या तिला सगळं सांगितलं. साबण किती, कुठली चादर कुणाची, दोरी किती ताणायची. वीस आकडे तेवढे सांगितले नाहीत.

बहिणीने बटण बंद केलं, आवाज थांबला. तिने झाकण उघडून चादरीचं वर आलेलं टोक धरलं. ओल्या कापडाचा पीळ तिच्या मनगटाला बसला. मी जीव तोडून थांबायला बघितलं, मित्रांनो. पण थांबायला माझ्यापाशी काही उरलंच नव्हतं.

हाड दोन जागी मोडलं. दुसऱ्या दिवशी लाँड्री बंदच राहिली, तेव्हा मिस्त्रींनी माझा पट्टा बदलला. पाऊण तासात.

प्लास्टर निघाल्यावर बहीण भेटायला आली.

"ताई, इतकं सांगितलंस आणि नेमकं हेच विसरलीस होय गं?" तिने हसत विचारलं.

मालकीणबाई हसल्या नाहीत. "विसरले नाही. मला तो बिघाडच वाटेनासा झाला होता."

त्यांनी नवा ड्रायर आणायला लावला. हा तर आता नीट झालाय, असं मालक म्हणत होते. मशीनवरचा नाही, माझा माझ्यावरचाच भरवसा गेलाय, असं त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही 'जरा जपून हं' म्हणत चालवून घेतलेली एखादी वस्तू असेल. घरची माणसं तिला सरावलेली असतात, नवं माणूस नसतं. ती दुरुस्त कधी होणार, हे मोठ्यांना आजच विचारा. होईपर्यंत रोज विचारा. वैतागले तरी विचारा.

मी आता मागच्या खोलीत भिंतीला लागून उभा आहे. समोर खुर्चीत बसून बहीण सुईत दोरा ओवते आहे. चौथ्यांदा हुकला. मालकीणबाई उठल्या, तशी तिने मानेनेच नको म्हटलं आणि दोऱ्याचं टोक पुन्हा ओठांत धरलं.