पाणी सोडलं

मुंबईचे सरकारी साहेब शिंदखेड्याला जहाजाची चौकशी करायला आले, हे ऐकून गल्लीला हसू आलं. इथं नदीतच डबकी उरलेली. मंदाबाईला मात्र हसू येईना. तिचा नवरा भिकन जहाजाच्या इंजिनखोलीत तेलपाण्याच्या कामावर होता, सुट्टीवर आला होता, आणि कंपनीचं पुढचं बोलावणं या साहेबांच्या चौकशीवर अडलं होतं.

साहेब ओसरीवर बसले. समुद्रात तेल सोडायचं नाही असा नवा कायदा झाला होता, आणि आपल्या देशाच्या जहाजांनी तो पाळला का, याचा अहवाल दिल्लीला जायचा होता.

"कप्तान म्हणतात, फक्त पाणी सोडलं. तुम्ही काय म्हणता, भिकनराव?"

भिकन नखानं ओसरीचं सारवण उकरत राहिला. दाराआड मंदाबाईचा जीव टांगणीला लागला. हो म्हणा की, एवढंसं हो, कुणाचं काय जातंय त्यात? समुद्र काय तिच्या बापाचा होता?

पण ती मेली पँट आठवली. तो आला त्या दिवशी तिनं त्याची कामाची पँट डबक्यावर नेऊन सोडा लावून घासली, तर पाण्यावर रंगीत तवंग पसरला. शेजारच्या धुरपदाबाईची म्हैस त्या पाण्याला तोंड लावेना. धुरपदाबाईनं शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. घरी येऊन मंदाबाईनं ते सांगितलं, तेव्हा भिकन खाली मान घालून म्हणाला होता, "आम्ही तं तेलन्या टाक्या सोड्यात, समुद्रमा." त्यानंतर तो धड जेवला नव्हता.

"मी लपवत नाही," साहेब हळूच म्हणाले. "तेल म्हणालात तर कंपनी परत बोलावणार नाही. मग पाणी सोडलं, असंच लिहू?"

भिकननं दाराकडे पाहिलं. त्याचा तो चेहरा बघून मंदाबाईला भडभडून आलं, आणि रागही आला, कप्तानाचा, साहेबाचा, त्या म्हशीचासुद्धा. पदर सावरून ती बाहेर आली.

"खरं शे ते सांगी टाका," ती म्हणाली. "पोटपुरतं आठेच, गावमा कमाडसूत."

भिकनचे खांदे सैल झाले.

"लिहा साहेब. समुद्रमा तेल सोडं. पाणी सोडं ते आते, ह्या नोकरीवर."

साहेबांचा पेन थोडा थांबला, मग चालू लागला. मंदाबाई चहा टाकायला आत वळली.