जिना बघायला आलेली माणसं

जिना ही चढण्या-उतरण्याची वस्तू आहे, असं मी लहानपणापासून समजत आले. आमच्या घरात ती बघण्याची वस्तू आहे.

माझे सासरे मिर्झा इनायतुल्लाह. त्यांना आम्ही सगळे आगाजान म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ते सरकारी लवाजम्याबरोबर पीटर्सबर्गला गेले आणि येताना खोकला, एक छत्री आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एका जिन्याचं चित्र घेऊन आले. खोकला गेला. छत्री उघडायची वेळ तेहरानात क्वचितच येते. चित्र मात्र राहिलं. घराच्या कोपऱ्यांत दोन अंधारे, वळणाचे जिने होते, एक पुरुषांचा आणि एक आम्हा बायकांचा. ते दोन्ही पाडले, आणि घराच्या ऐन मध्यावर, पुढच्या दारातून पाऊल टाकताच समोर दिसेल असा नवा जिना उभा राहिला. रुंदी इतकी की उंट आडवा बसावा. अर्ध्यावर भलामोठा आरसा. तिथून जिन्याला दोन फाटे फुटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही पोचतात एकाच सज्जात. मग दोन कशाला, असं मी माझ्या नवऱ्याला, हबीबला, विचारलं. तो म्हणाला, फिरंगी लोकांत तसंच असतं. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

कुर्बान उस्तादाने चित्र बघून भिंतीवर गिलाव्यात पंखवाली बाळं घडवली. बाळं गुबगुबीत, पण भुवया आपल्याकडच्या, नाकावर एकमेकींना भेटलेल्या. आगाजान म्हणाले, तिकडच्या बाळांना अशा भुवया नसतात.

"नसतील बिचाऱ्यांना," उस्ताद म्हणाला, आणि पुढच्या बाळाच्याही तशाच काढल्या.

फिरंगी माणसं वरच्या मजल्यावर झोपतात, म्हणून जनानखाना वर गेला. स्वयंपाकघर, हौद, न्हाणी खालीच राहिली. मधे जिना, आणि जिन्यावर पाहुणे.

परका पुरुष घरात शिरताना मोठ्याने 'या अल्लाह' म्हणतो. ते ऐकलं की बायकांनी आडोशाला व्हायचं. माहेरी ही हाक आठवड्यातून दोनदा कानावर पडायची. इथे सकाळपासून सुरू. बाजारातले, तोफखान्यातले, कोणाच्या तरी मेहुण्याच्या ओळखीचे, सगळे जिना बघायला येतात. आरशापर्यंत चढतात, मिशा न्याहाळतात, उतरतात. तोवर आम्ही वर कोंडलेल्या. आमचा भात टोपलीत घालून दोरीने खिडकीवाटे वर येतो. एकदा आबगोश्तचं भांडं कलंडलं आणि रस्सा, हरभरे, हाडं, सगळं माळ्याच्या डोक्यावर. मी कुरकुरले की सासूबाई, खानुमजान, आपले गुडघे चेपत म्हणतात, "शाहजाद्यांच्या घरीसुद्धा असा जिना नाही, सूनबाई." गुडघे कशाने दुखतात ते विचारायची सोय नाही.

गेल्या मंगळवारी घरची दाई नने गुलाब माझ्या तूबाला अंघोळीला खाली घेऊन गेली. तूबा पाच महिन्यांची. तिला हौदाच्या पाण्यावरचं ऊन फार आवडतं. ते हलायला लागलं की तीही पाय हलवते. मी केस विंचरून मागोमाग जाणार होते. शेवटची वेणी हातात असताना खालून हाक आली, या अल्लाह, आणि पाठोपाठ आणखी चार.

म्हटलं, येतील, बघतील, जातील. पण आगाजानांनी त्या दिवशी नवी युक्ती काढली होती. जिन्याच्या पायथ्याशीच खुर्च्या मांडल्या, चहा मागवला, हुक्का मागवला. बसून बघितल्याशिवाय जिना कळत नाही, असं ते पाहुण्यांना सांगत होते. त्यांत तब्रीझचा एक गालिचांचा व्यापारी होता, तो दर पायरीला एक प्रश्न विचारत होता. पायऱ्या बत्तीस.

थोड्या वेळाने तूबा रडायला लागली. आधी नुसती कुरकुर, मग भुकेचं रडणं. मी खिडकीतून वाकून नने गुलाबला म्हटलं, तिला वर आण. ती खालून म्हणाली, कशी आणू, पाहुणे असताना दुपटी-बिपटी घेऊन जिन्यावर पाय ठेवायचा नाही असा हुकूम आहे. साखरपाण्यात बुडवलेली चिंधी दिली, पोरीने थुंकून टाकली. माझी बाहेरची चादर आणि तोंडावरचा पडदा खाली दाराजवळच्या खुंटीवर. वर घरातली साधी ओढणी. आणि चादर असती तरी काय, घरची सून पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढत गेलेली कोणी ऐकली आहे?

खानुमजानना म्हटलं, आगाजानांना निरोप पाठवा. त्या म्हणाल्या, ते पीटर्सबर्गबद्दल बोलताहेत, मधे कसं तोडायचं? रडल्याने बाळाची छाती मजबूत होते, हबीबही असाच रडायचा. माझा सदरा पुढून भिजला होता. मी तो बदलला, दुसराही भिजला. खाली व्यापारी विचारत होता की कठडा ओतीव आहे की ठोकलेला.

मग तूबाचं रडणं थांबलं. पोट भरून थांबलेलं नव्हे. रडून दमलं की पोर मधेच हुंदका गिळतं, तसं. तोवर मी चिडलेली होते. ते ऐकून मी उठलेच.

मी ओढणी कपाळावर ओढली, तिचं टोक दातांत धरलं आणि सज्जात जाऊन उभी राहिले. मग टोक सोडून, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटलं,

"या अल्लाह."

खालचे पाचही जण दाराकडे बघायला लागले. नोकर दार उघडायला धावला. दारात कोणी नव्हतं. आगाजान म्हणाले, कोण आहे, आत या.

"या अल्लाह," मी पुन्हा म्हटलं. "मी वरून खाली येते आहे."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, एक आडवी झाली. कोणी डाव्या भिंतीकडे वळलं, कोणी उजव्या. व्यापाऱ्याने टोपी काढून तोंडापुढे धरली. मी उतरायला लागले. डावा फाटा की उजवा, क्षणभर कळेना. पाचही जण पंखवाल्या बाळांसमोर नाक टेकवून उभे होते. आगाजानही. सुनेपासून सासऱ्याने तोंड लपवायचं काही कारण नव्हतं, पण तेही भिंतीकडेच वळले होते. माझ्या सपातांशिवाय दुसरा आवाज नव्हता.

स्वयंपाकघरात नने गुलाबच्या मांडीवर तूबा लालबुंद पडली होती. मला बघून तिने ओठ बाहेर काढला, जणू इतका वेळ सांभाळून ठेवलेली तक्रार. मी पिठाच्या पोत्यावर टेकले आणि तिला घेतलं. तिने माझी वेणी मुठीत धरली ती सोडलीच नाही.

पाहुणे गेल्यावर आगाजान दारापाशी आले. आत आले नाहीत, पाठ करून उभे राहिले.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी शिकवायला कशाला हवं, आगाजान? दिवसातून वीसदा ऐकते."

मला वाटलं आता ओरडतील.

"पिते आहे का?" त्यांनी विचारलं.

"पिते आहे."

"तो व्यापारी म्हणाला, माझ्या घरी असं कधी होणार नाही. मी म्हटलं, तुझ्या घरी असा जिना कुठे आहे." मग घसा खाकरून म्हणाले, "आता वर जा. चारला आर्मेनियन फोटोवाला येतोय."

"मी वर जात नाही."

"म्हणजे आत्ता?"

"म्हणजे आत्ता नाही, उद्या नाही. स्वयंपाकघराशेजारी कोठी आहे, मी आणि तूबा तिथे राहू. ती स्वतःच्या पायांनी जिना चढायला लागली की येऊ."

"कोठीत? तिथे तांदळाची पोती आहेत. लोक काय म्हणतील?"

"लोक जिना बघायला येतात, आगाजान. कोठी बघायला कोण येतंय?"

आगाजान तिथून निघाले. अंगणात नोकराशी काहीतरी पुटपुटले. मग नने गुलाबला हाक मारून म्हणाले की सूनबाईंची गादी, रजई आणि बाळाचा पाळणा चारच्या आत खाली आणा, आणि फोटोवाला यायच्या आधी जिन्यावर एक फडकं फिरवा.