गुलाबी गाठ

माझा स्वभाव तापट. मी चिडले की आमचे हे घराबाहेर पडायला चप्पल शोधू लागतात, आणि ती पायातच असते. पण रोपवाटिका नुसत्या गोड बोलण्यावर चालत नाही. मी आयुष्यभर फुलझाडं केली, तीसुद्धा कढईत भाजून घेतलेल्या मातीत. माझ्या रोपांत कीड शोधून दाखवा.

गेल्या वादळात टेकडीवरचं शेंगांचं झाड पडलं. तसलं दुसरं आमच्या भागात उरलेलंच नाही. आम्ही सगळी भावंडं त्याच्या सावलीत वाढलो. मला तर जेवण गोड लागेना. सुनेने पडलेल्या फांद्यांमधून शेवटच्या शेंगा वेचून आणल्या. ती प्रयोगशाळेत मातीतले जिवाणू वाढवते. बियांना ते लावूया म्हणाली. मातीतलं जे मी जन्मभर भाजून मारलं, तेच ही बाटलीत भरून घरी आणणार. कानामागून आली आणि तिखट झाली! शेवटी ठरलं, अर्ध्या बिया तिच्या, अर्ध्या माझ्या.

तिची बाटली फ्रिजमध्ये दुधामागे असायची. एकदा ह्यांनी ती चहात ओतलीच होती. मी हात धरला, तर म्हणे, मलाही पालवी फुटली असती.

रोपं उगवली. तिची गडद हिरवी, माझी पिवळी, मान टाकलेली. पाणी बदललं, सावली बदलली, पण ती आपली ढिम्म. नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू?

मग रोपं मोठ्या पिशव्यांत हलवायच्या दिवशी मी तिचं एक रोप उपटलं. मुळांवर गाठीच गाठी. फुलझाडांना अशा गाठी आल्या की समजायचं कीड लागली. एका रोपापासून सगळी वाटिका जाते. शेवटच्या बिया, आणि हिने त्यांना रोग लावला! मी कचऱ्याच्या पिंपात जाळ केला आणि तिच्या रोपांचा ट्रे उचलला.

सून धावत आली आणि पिंपासमोर उभी राहिली. आवाज कापत होता, पण हलली नाही.

"आई, एक गाठ फोडून बघा. आतून गुलाबी निघाली नाही, तर मी स्वतः ट्रे जाळते."

नखाने गाठ फोडली. आतून गुलाबी, दात यायच्या आधीच्या हिरडीसारखी. सून म्हणाली, जिवाणू या गाठींत राहतात आणि हवेतून झाडासाठी अन्न काढतात. गुलाबी म्हणजे काम चालू आहे. म्हणजे माझी रोपं त्या भाजलेल्या मातीत उपाशी बसली होती. मी ट्रे खाली ठेवला. ही रोपं जळली असती तर?

"बाटलीत उरलंय का काही?" मी विचारलं.

"दुधामागे आहे," ती म्हणाली, आणि हसू दाबायला तोंड फिरवलं.

माझ्या रोपांच्या मुळाशी मी स्वतः बाटलीतलं ते पाणी घातलं. महिना-दीड महिन्यात नवी पानं हिरवी यायला लागली. तेव्हा एक रोप हळूच सोडवलं, मुळावरची एक गाठ तोडली आणि सुनेला हाक मारली. माझी हाक म्हणजे ओरडाच. बिचारी ओल्या हातांनी पळत आली. मी गाठ तिच्या तळहातावर ठेवली.

"फोड."

तिने फोडली. गुलाबी होती. मी तिला जवळ घेतलं आणि रडले, आनंदाने, सगळ्यांदेखत. ह्यांनी सवयीने चप्पल शोधायला घेतली.

"थांबा," मी म्हटलं, "टेकडीवर खड्डे खणायला चला."