बिशप झालेल्या सम्राटाची मोहर

मित्रांनो, मी एक जुनी सोन्याची मोहर आहे. जवळजवळ पंधराशे सत्तर वर्षांपूर्वी, आज जिथे फ्रान्स आहे तिथल्या आर्ल नावाच्या गावी, दोन ठशांमध्ये ठेवून माझ्यावर हातोडा मारला गेला. एका अंगाला अव्हिटस या रोमन सम्राटाचा चेहरा उमटला. दुसऱ्या अंगाला तोच उभा आहे. त्याच्या हातात लांब क्रूस आहे आणि पायाखाली एक माणूस तुडवला गेला आहे. तो माणूस कोण, हे मला कोणी सांगितले नाही. पुढे पुढे मला त्याच्याकडे बघवेना.

अव्हिटस चांगला वयस्क सरदार होता. रोम नुकतेच लुटले गेले होते, आधीच्या सम्राटाला जमावाने ठार केले होते. अशा वेळी गॉथ नावाच्या परक्या टोळ्यांच्या राजाच्या पाठबळावर तो गादीवर बसला. पण रोममध्ये अन्न मिळेना. याने आणलेले गॉथच आमचे धान्य खातात, असे लोक बोलू लागले. त्याने ज्याला मोठे केले त्याच सेनापतीने बंड केले. इटलीतल्या पिआचेन्झा गावापाशी लढाई झाली आणि अव्हिटस हरला.

त्याला मारले नाही. त्याच गावचा बिशप केले. राज्य काढून घेतले आणि धर्मगुरूचा झगा अंगावर चढवला. थोड्याच दिवसांत जिवाच्या भीतीने तो आपल्या मुलखातल्या एका संताच्या समाधीकडे निघाला आणि वाटेतच मेला, असे म्हणतात.

मी मात्र कितीतरी शतके मातीत पडून राहिले. मग कोणाच्या तरी नांगराला लागले, हातोहात फिरले आणि शेवटी डेट्रॉइटच्या एका प्रदर्शनात दिगंबरकाकांना आवडले.

काकांनी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात इंजिनांची चाचणी घेणारी कंपनी तीस वर्षे खपून उभी केली होती. त्यांच्या टेबलावर काचेच्या डबीत मी असे. नव्या माणसाला ते आधी माझी गोष्ट सांगत, मग काम. नागपूरहून शिकायला येऊन इथेच नोकरीला लागलेल्या पायलने ती ऐकून विचारले होते, मारण्यापेक्षा हे बरेच नाही का? काका म्हणाले होते, ते त्यालाच विचारायला हवे होते.

गेल्या जानेवारीत काकांच्याच खोलीत कंपनीच्या संचालकांची मीटिंग भरली. इंजिनांचे दिवस सरले होते, कंपनीला बॅटरीकडे वळायचे होते आणि काका दोन वर्षे कोणाचे ऐकत नव्हते. त्यांना बाजूला करावे का, असे विचारताच सात हात वर झाले. त्यांत आता संचालक झालेल्या पायलचाही होता. मग काकांना ‘मुख्य मार्गदर्शक’ नेमले, शाल पांघरवली, केक कापला. टाळ्या चालू असताना मला पिआचेन्झा आठवले. मी ओरडू शकत नव्हते.

काकांनी मला कोटाच्या खिशात टाकले आणि दुपारीच गाडी काढली. गाडी घराकडे वळली नाही. उत्तरेकडे निघाली. बर्फ दाट होत गेला.  मग गाडी घसरली आणि चाके खड्ड्यात रुतली. काका तसेच बसून राहिले.

चार वाजता काकांच्या पत्नी शरयूकाकूंनी पायलला फोन करून विचारले, पार्टी अजून संपली नाही का? पायलने फोन लावायला सुरुवात केली. सातव्यांदा काकांनी उचलला.

“काका, लोकेशन पाठवा.”

“कशाला? मार्गदर्शन हवंय?”

“बाहेर काय दिसतंय तेवढं सांगा.”

त्यांनी रस्त्याकडेची एक पाटी वाचून दाखवली. तिने दुसऱ्या फोनवरून पोलिसांना कळवले आणि काकांना इंजिन बंद करायला लावले, कारण बर्फाने धुराची नळी बुजली तर गाडीतच जीव जातो. मग ती बोलत राहिली. काकांचे शब्द जड होत गेले, मग थांबले. खिशातून मला त्यांचे हृदय ऐकू येत होते, फार सावकाश.

पोलीस पोचले तेव्हा ते जिवंत होते. थंडीने डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली.

दुसऱ्या दिवशी पायल इस्पितळात आली. कोट खुर्चीवर होता आणि मी कोटात.

काका म्हणाले, “तुझा हात वर होता.”

“हो काका. आजही वर करीन. पण नंतर तुम्ही खाली एकटे उतरलात आणि मी केक खात उभी होते. ते चुकलं.”

 काकांनी तिला कोट बाजूला सारून बसायला सांगितले.

मित्रांनो, आम्हा मोहरांची फार काळजी करू नका. सोने टिकते. माणूस एका दुपारीही संपू शकतो. कोणाची खुर्ची काढून घ्यावी लागलीच, तर घ्या. पण त्या संध्याकाळी तो घरी पोचला का, एवढे मात्र विचारा.