मी तिरडी नव्हे

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. दोन नळ्या आणि मधे जाड हिरवं कापड, एवढाच माझा पसारा. आंबीच्या एका कारखान्यात जन्मलो आणि मावळातल्या एका शाळेच्या खेळखोलीत माझं आयुष्य गेलं. वायाच गेलं, असं हल्ली फार वाटतं.

सुरुवातीचे दिवस मात्र लाडाचे होते. खेळाचे मुकुल सर दर शनिवारी सराव घ्यायचे. एक जण खोटाखोटा जखमी व्हायचा आणि चौघं त्याला उचलायची. पुढं कबड्डीत खरंच कुणाचा गुडघा दुखावला, तर पोरं न घाबरता त्याला माझ्यावरून अलगद आणायची. तेव्हा मी मनातून फुगून जायचो.

मग सरांची बदली झाली, सराव बंद पडला. त्याच वर्षी म्हाताऱ्या गेणू आबांना दवाखान्यात न्यायला गावानं मला मागून नेलं. आबा वाटेतच गेले, माझ्यावरच. झालं! मी अपशकुनी ठरलो. मला कुणी शिवेना. मॅटच्या ढिगामागं मी धूळ खात उभा राहिलो.

गेल्या थंडीत सारिका मैदानात पडली. तिच्यासारखी चढाई शाळेत कुणाची नव्हती, तालुक्याच्या संघात तिची निवड ठरल्यातच जमा होती. तिचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. नव्या रजनी बाईंनी मला ओढत बाहेर आणलं. इतक्यात शेजारच्या वावरातून तिची आई नंदाबाई धावत आली.

"बाई, माझ्या जित्या पोरीला तिरडीवर घालता व्हय? ह्याच्यावर गेणू आबा गेलते!"

"अहो ताई, पाय हलवू नका. फळी बांधू, मग उचलू. एकशे आठला फोन केलाय."

"कवा येनार ती गाडी? गोरख भावजी, फटफटी काढा!"

दीर पुढं, आई मागं, मधे सारिका आणि तिचा लोंबकळता पाय. रस्त्याच्या खड्ड्यांत मोडकं हाड कातडी फोडून बाहेर आलं, असं मागाहून कळलं. मी रिकामाच मैदानात पडून होतो. मित्रांनो, मला रडता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

जखम चिघळली. पाय वाचला, पण आखूड राहिला. सारिकाची कबड्डी कायमची सुटली. नंदाबाईनं पोरीवर जीव ओवाळून टाकला असता हो, पण तिच्या भीतीनं पोरीचा घात केला. तिला तरी काय बोलू? मला बघायची सवय कुणी तिला लावलीच नव्हती.

परवा सारिका कुबडी टेकत, आईला सोबत घेऊन खेळखोलीत आली. "बाई, समद्या पोरांना बोलवा. मी निजते ह्याच्यावर."

पोरं जमली, पण हात लावायला कुणी धजेना. तेव्हा नंदाबाईनंच पदर खोचला आणि माझी नळी धरली. "या रं. धरा. काय हुत न्हाई."

मित्रांनो, तुमच्या शाळेतला स्ट्रेचर आजच बाहेर काढा. कुणी पडायच्या आधी त्याच्यावर निजून बघा, आईबापांनाही दाखवा. सारिकाला उचलताना नंदाबाईच पोरांना सांगत होती, "हळू रं, पाय हलवू नगा." तो सराव तिला फार उशिरा मिळाला. तुमच्या आयांना वेळेवर मिळो.